आवडीचं भजन लागलं की उलटी येते, माझं काय चुकलं?

परभणी जिल्ह्यातल्या एका गावातून पत्र आलंय. लिहिणाऱ्या ताई ४७ वर्षांच्या, अंगणवाडीत मदतनीस, आणि गावच्या महिला भजनी मंडळात लग्न झाल्यापासून पुढं बसून गाणाऱ्या. डाव्या स्तनातल्या गाठीचं ऑपरेशन झालंय, आता संभाजीनगरला केमो चालू आहे. दर २१ दिवसांनी एक अशा तीन झाल्या, चौथी बाकी आहे, त्यानंतर दुसरं औषध दर आठवड्याला असं १२ वेळा. पहिल्या केमोला मुलानं मोबाईलवर त्यांच्या आवडीची भजनं लावून दिली, मग दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळीही तीच. त्या लिहितात, "आता घरी सुनेनं सकाळी तेच भजन लावलं तर पेटीचा पहिला सूर कानावर आला की तोंडाला पाणी सुटतं आणि उलटी होते. देवाच्या नावानं उलटी येते म्हणजे मी काय पाप केलं? मंडळातल्या एक बाई म्हणल्या श्रद्धा ढळली की असं होतं. पोराला सांगता येईना, त्यानं किती हौसेनं लावून दिलं. जाऊबाई म्हणतात ऑनलाईन म्युझिक थेरपीचा कोर्स लाव, अकरा हजार रुपये, रागांनी कॅन्सरच्या पेशी मरतात म्हणे. मला तर गाणंच सोडून द्यावं वाटायलंय. पण मन प्रसन्न नसलं तर औषध लागू पडत नाही असंही सगळे म्हणतात, ते खरं का?"

ताई,

आधी ते पापाचं निकालात काढू, कारण पत्रात सगळ्यात जास्त त्रास त्याचाच दिसतोय, उलटीचा नंतर.

जे होतंय त्याला डॉक्टर लोक अँटिसिपेटरी नॉशिया म्हणतात, म्हणजे औषध अंगात जायच्या आधीच येणारी मळमळ. लग्नात बासुंदी खाल्ली, त्याच रात्री नेमका ताप येऊन उलट्या झाल्या, की पुढं वर्षभर बासुंदीचं नाव काढलं तरी पोटात ढवळतं, तसंच हे. बासुंदीचा काही दोष नसतो हो. पण शरीराला कारण शोधत बसायला वेळ नसतो, ज्या घटकेला त्रास झाला त्या घटकेला आजूबाजूला जे जे होतं ते सगळं ते एकाच गाठोड्यात बांधून ठेवतं. कुणाला दवाखान्यातल्या स्पिरिटच्या वासानं होतं, कुणाला केमो देतात त्या डे-केअर वॉर्डाच्या जिन्यापाशीच. तुम्हाला केमोत जे लाल रंगाचं औषध देत असतील ना, त्याच्यामुळं कितीतरी बायांना पुढं लाल सरबत समोर धरलेलं चालत नाही. तुमच्या गाठोड्यात भजन आलं, कारण ते तिन्ही वेळा कानाला लावलेलं होतं, आणि तेही तेच रेकॉर्डिंग, तीच पेटी, तोच आवाज. इतकंच झालंय. त्यात देवाचा संबंध नाही आणि तुमच्या श्रद्धेचाही नाही.

आणि मंडळातल्या त्या बाईंना तुम्ही काही उत्तर द्यायला पायजे असं मला अजिबात वाटत नाही, पण मनात ठेवायला एक सांगते. गंगाखेडची जनाबाई तुमच्याच जिल्ह्यातली. ती विठ्ठलाशी भांडली, त्याला शिव्याशाप दिले, ते अभंग आजही लोक टाळ वाजवून गातात. ज्या देवानं जनीच्या शिव्या खपवून घेतल्या तो तुमच्या उलटीवर रुसून बसेल का?

आता कामाचं. तुम्ही हे डॉक्टरांना सांगितलंय असं पत्रात कुठंच नाही. माझा अंदाज, नसेलच सांगितलं, गाण्यानं उलटी येते हे डॉक्टरला काय सांगायचं म्हणून. तर ते सांगायचंच आहे, आणि चौथ्या केमोच्या सकाळी घाईत नाही, आधी सांगायचंय, फोन करून किंवा रक्त तपासायला जाल तेव्हा. कारण ही आधीची मळमळ बहुतेक वेळा तेव्हाच तयार होते जेव्हा केमोनंतरची मळमळ नीट आटोक्यात आलेली नसते. म्हणजे घरी आल्यावर दोन-तीन दिवस तुम्हाला जो त्रास होतोय तो "केमो म्हणल्यावर व्हायचाच" म्हणून सोसायचा नसतो. पन्नाशीच्या आतल्या बायांना आणि ज्यांना एसटीत मळमळतं त्यांना हे जास्त होतं, तुम्हाला गाडी लागते का ते पण सांगा. तुमचं लाल औषध जास्त उलट्या करणाऱ्या औषधांत मोडतं, त्याच्यासाठी एकच गोळी नसते, तीन-चार प्रकारची औषधं एकत्र देता येतात, त्यातलं तुम्हाला काय चालू आहे आणि काय वाढवता येईल ते त्यांना ठरवू द्या. एक आधीच सांगून ठेवते, त्यात ओलान्झपीन नावाची गोळी दिली आणि तुमच्या पोरानं मोबाईलवर शोधलं तर तिथं मानसिक आजाराची गोळी असं येईल आणि घरात गोंधळ उडेल. ती उलटीवरही चांगली चालते म्हणून देतात, तुम्हाला वेड लागलंय म्हणून नाही. झोप मात्र येते तिनं. आणि आधीपासून येणाऱ्या मळमळीवर कधीकधी आदल्या रात्री घ्यायची, भीती कमी करणारी गोळी पण देतात. ती डॉक्टरांनी लिहून दिली तरच, घरात सासऱ्यांची झोपेची गोळी पडलीय म्हणून घेऊ नका.

हे झालं औषधाचं. आता गाण्याचं, तुमचा खरा प्रश्न तोच आहे.

तुम्हाला वाटत असेल की म्युझिक थेरपी, म्हणजे संगीताचा उपचार, मला लागू पडली नाही. ताई, मला वाटतं तुमची म्युझिक थेरपी अजून झालेलीच नाही. पोरानं मायेनं गाणी लावून दिली, त्याचा उपयोगही होतो पुष्कळांना, पण थेरपिस्ट जो असतो तो आधी बसून विचारतो की तुम्हाला काय आवडतं, काय ऐकवत नाही, गाता का, वाजवता का, आज ऐकायचं आहे का नुसतं गप बसायचंय. मग कधी तो स्वतः हळू वाजवतो, कधी पेशंटसोबत गातो, कधी तिच्याकडून दोन ओळी जुळवून घेतो, आणि पेशंटचा चेहरा बघून मधेच बदलतो किंवा थांबतो. मोबाईलला ते जमत नाही, मोबाईल आपला वाजत राहतो.

याचा फायदा किती, तर जेवढं खरं आहे तेवढंच सांगते. २०२१ साली कॉक्रेन नावाच्या संस्थेनं कॅन्सर पेशंट आणि संगीत या विषयावरच्या ८१ चाचण्या एकत्र तपासल्या, साडेपाच हजारांवर पेशंट होते त्यात. निष्कर्ष असा की संगीतानं भीती, दुखणं, थकवा कमी व्हायला मदत होऊ शकते, पण पुरावा अजून फार भक्कम नाही. अमेरिकेतल्या कॅन्सर डॉक्टरांच्या संघटनेनं २०२३ मध्ये उपचार चालू असतानाच्या भीती-काळजीसाठी ज्या गोष्टी सुचवल्या त्यात संगीत आहे. म्हणजे ते थोतांड नाही. पण गाठ विरघळते, पेशी मरतात, केमोचे डोस कमी होतात, असलं काहीही कुठंही सिद्ध झालेलं नाही. अमक्या रोगाला अमका राग असं कोष्टक जो दाखवतो त्याच्यापासून चार हात लांब राहा. तुमच्या जाऊबाईंचा हेतू चांगलाच असणार, पण अकरा हजारात तुमचे संभाजीनगरचे किती हेलपाटे निघतील याचा हिशोब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला कराल. खरा थेरपिस्ट बरं करायचं वचन देत नाही आणि तुमच्या डॉक्टरांपासून काही लपवायलाही सांगत नाही. तुमच्या दवाखान्यात समुपदेशक किंवा सोशल वर्कर असतील तर त्यांना विचारून बघा, कुणी गाणारं-वाजवणारं वॉर्डात येतं का.

मग चौथ्या केमोला कानात काय घालायचं? पहिला पर्याय, काहीच नाही. हा पर्याय कुणी सुचवत नाही म्हणून मी आधी लिहितेय. शांत बसलेल्या बाईकडं बघून आपल्या लोकांना करमत नाही, काहीतरी लावून द्यावं, काहीतरी बोलावं, हे चालूच असतं. तुम्हाला गप पडून राहायचं असेल तर तसं सांगा.

ऐकायचंच असेल तर ज्याच्यात जीव अडकलेला नाही असं काहीतरी ऐका. हे जरा उलटं वाटेल, सगळे सांगतात आवडीचं लावा. आणि ज्यांना फारसा त्रास होत नाही त्यांनी आवडीचं लावावंच, त्यांना ते चालतं. पण एकदा गाठोडं बांधलं गेलंय म्हणल्यावर तुमच्या जिवाभावाच्या गोष्टी त्या खुर्चीत नेऊच नका. आकाशवाणी परभणीवरचा शेतकऱ्यांचा कार्यक्रम ऐका, सोयाबीनवरच्या अळीचं काय करायचं ते. पोराला म्हणा एखादी लांबलचक गोष्ट लावून दे. वाऱ्यापावसाचे आवाज ऐका. आणि दर वेळी वेगळं ठेवा, एकच नको. पुढं कधी सोयाबीनच्या नावानं मळमळलं तर मळमळू द्या, कुणाचं काय बिघडतंय.

दोन-तीन बारीक गोष्टी, पण सोडू नका. दोन्ही कान बंद करू नका, एक मोकळा ठेवा, आवाज निम्म्याच्या थोडा वरपर्यंतच. हे नुसतं कानासाठी नाही. लाल औषध शिरेतून बाहेर गळलं तर आतली कातडी जळते, आणि सुईपाशी जळजळ, टोचणी, सूज असं काही वाटलं की त्याच मिनिटाला सिस्टरला हाक मारायची असते. डोळे मिटून, दोन्ही कानांत घालून, "होईल कमी" म्हणत पडून राहायचं नाही. पोर्ट, म्हणजे औषध द्यायला कातडीखाली बसवतात ती छोटी डबी, बसवलेला असेल तरी तिथं काही दुखलं तर हेच. हेडफोन स्वतःचा वापरा, शेजारच्या बेडवरच्या बाईचा नको आणि तुमचाही तिला नको. आणि स्पीकर लावू नका. तुमच्यासाठी जे भजन ते शेजारणीच्या गाठोड्यात जाऊन बसेल, तुम्हाला तर आता माहितीच आहे ते कसं असतं.

आता तुमची भजनं. ती गेलेली नाहीत. सुनेला सांगा ते रेकॉर्डिंग सध्या घरात नको, मोबाईलमधनं काढून टाकलं तरी चालेल. मात्र उद्यापासून घरात सूरच नको असं करू नका, कारण तुमच्या जिवानं वैर धरलंय ते त्या रेकॉर्डिंगशी, तुमच्या स्वतःच्या गळ्याशी नाही. केमोच्या तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे पुढच्या डोसच्या आधीचे जे त्यातल्या त्यात बरे दिवस असतात, तेव्हा ओसरीवर मोकळ्या हवेत बसून एखादी ओळ गुणगुणून बघा, वेगळ्या चालीतली, लहानपणची, काकड्याची. पोटात जरा जरी हललं तर तिथंच थांबा, रेटू नका. दुसऱ्या दिवशी परत. उलटी येईस्तोवर गाऊन "बघू कशी येत नाही" म्हणणाऱ्या जिद्दी बाया मी बघितल्यात, त्यानं गाठोडं अजून घट्ट बसतं. त्या ठराविक भजनाला तर केमो पूर्ण संपेपर्यंत हात लावू नका. औषध थांबलं की ही मळमळ बहुतेकांची हळूहळू ओसरते, कुणाची लवकर, कुणाची उशिरा.

आणि एक सुचवते, वाटलं तर करा. तुमच्याकडं जात्यावरच्या ओव्या असतीलच, आईच्या, आजीच्या. बायांनी आपल्या तोंडानं आपलं दुखणं सांगायचं हे आपल्याकडं कुठल्या कोर्सशिवाय चालत आलंय. सासर, माहेर, दुष्काळ, सगळ्यावर ओव्या झाल्या, मग केमोवर का नको? थेरपिस्ट लोक पेशंटकडून गाणी रचून घेतात ते तरी दुसरं काय असतं. मी पत्र वाचता वाचता एक जुळवली, तुमच्यापुढं माझं काय चालणार म्हणा, पण ऐका,

लाल औषधाची बाटली, उलटी टांगली खिळ्याला
सांगते बाई तुला, नको झोंबू माझ्या गळ्याला

पुढची तुम्ही करा. रडकी झाली तरी चालेल, चिडकी झाली तर अजून बरं.

मंडळात जायचं का, हे तुम्ही विचारलं नाही पण मनात असणारच. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असतात, तेव्हा पन्नास बायांच्या बंद खोलीत बसू नका, एखादीला सर्दी-खोकला असतोच. त्यापेक्षा दोन मैत्रिणींना ओसरीवर बोलवा. आणि ताप १००.४ किंवा त्याच्या वर गेला तर क्रोसिन घेऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजता असला तरी दवाखाना गाठायचा, संभाजीनगर लांब असेल तर जवळचा, आणि केमो चालू आहे हे दारातच सांगायचं. तोंडात छाले आले असतील तेव्हा गाणं बंद, गळ्यावर ताण नको. गाताना पूर्वीसारखा दम पुरत नसेल तर बहुतेक वेळा रक्त कमी झालेलं असतं, पण लाल औषध हृदयावरही परिणाम करू शकतं, केमोआधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढतात ती त्याच्यासाठीच, तेव्हा दम लागतोय हे तपासणीत सांगा. पुढं आठवड्याचं औषध सुरू झालं की उलट्यांचा त्रास बहुतेकांना पुष्कळ कमी होतो, हे ऐकून बरं वाटेल. पण त्यात हातापायाच्या बोटांना मुंग्या, बधिरपणा येतो, टाळ हातातनं निसटायला लागले तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका, तेही डॉक्टरला सांगायचं.

प्रसन्न मनाचं राहिलं. ताई, औषध रक्तातून जातं, मूड विचारून जात नाही. रडत घेतलेली केमो हसत घेतलेल्या केमोपेक्षा कमी चालते असं काही सिद्ध झालेलं नाही. उदास राहिलं तर जेवण तुटतं, झोप जाते, पुढच्या तारखेला जाऊ नये वाटतं, म्हणून उदासीकडं बघायचं, ते बरोबर आहे, आणि सलग दोन आठवडे कशातच जीव रमेना झाला तर तेही डॉक्टरला सांगायचंय. पण सगळ्यांसमोर हसरं तोंड करून बसायची ड्युटी तुमच्यावर कुणी लावलेली नाही. तुम्ही आजारी आहात, मन लावून आजारी पडा की जरा.

पोराला काय सांगायचं यावर तुम्ही फारच अडून बसलाय. तुम्ही धरून चाललाय की त्याला वाईट वाटेल. वाटेल थोडं. पण तो दर २१ दिवसांनी तुमच्याशेजारी बसून बघतोय की आईचा चेहरा भजन लागलं की उतरतोय, त्याला काय कळत नसेल? तो आपल्या मनानं काहीतरी भलताच अर्थ लावत असणार. साधं सांगा, "बाळा, तुझ्या गाण्यानं पहिल्या दिवशी मला लई आधार झाला, पण आता त्याची आणि औषधाची सांगड पडलीय, डॉक्टर म्हणतात होतं असं, पुढच्या वेळी मोबाईल माझ्याच हातात दे." आणि खरंच घ्या हातात. चालू करणं, बंद करणं, बदलणं तुमच्याकडं. बटणं येत नसतील तर त्याच्याकडूनच शिका, तेवढीच त्याला करायला काहीतरी मिळेल, दवाखान्यात बसलेल्या पोरांना नेमकं काय करावं तेच कळत नसतं.

जाऊबाईंनी कोर्सचे पैसे अजून भरलेले नसतील तर आजच फोन करून थांबवा. भरले असतील तर परत मागा, नाही दिले तर सोडून द्या, त्यांच्याशी मात्र त्यावरून वाजवून घेऊ नका, १२ आठवडे कुणीतरी घरचा डबा आणि पाणी बघायला लागणार आहे.